पुसल्याचा दाखला

दि. ९ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघा शेकतेस की नुसतं मला कळवण्यापुरता तो दुखतो, ते लिही. फोन का करत नाहीस म्हणून तू पुन्हा विचारलंयस. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि माझा डावा कान तुझं वाक्य पुरं ऐकत नाही. पत्रात दोघींनाही शेवटपर्यंत थांबावं लागतं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. एकतीस वर्षं मी या प्रकाशनाची प्रुफं तपासते आहे. परवा नव्या व्यवस्थापकाचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून कागदी प्रुफं बंद. फाइल कॉम्प्युटरवर येणार, दुरुस्त्या तिथेच करायच्या आणि तिथूनच परत पाठवायच्या. जमत नसेल तर, असं त्यानं पुढे लिहिलंय, आता आपण आराम करावा. चिमे, ज्याच्या एका पानी पत्रात ‘परिक्षण’ दोनदा चुकीचं आहे, तो मला आराम करायला सांगतो. मी लाल शाईनं दोन्ही ठिकाणी दीर्घ करून पत्र त्याला परत पाठवलं आणि खाली लिहिलं की मला जमतं.

लिहून तर बसले. मग कॉम्प्युटर बघायला मोठ्या दुकानात गेले. सोबत शेजारचे चित्रकलेचे मास्तर होते. प्रश्न मी विचारायचे आणि विक्रेता उत्तर मास्तरांना द्यायचा. शेवटी मास्तरांनीच त्याला सांगितलं की त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, यंत्र या बाईंना हवंय. तेव्हा त्यानं मला विचारलं, नातवंडांसाठी का? मी तिथून उठले ते सरळ घरी आले.

आता माझा विचार जुना, वापरलेला घ्यायचा आहे. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे निम्म्याहून कमी किमतीत मिळतो म्हणतात. तू दिवसभर त्याच यंत्रापुढे बसतेस, म्हणून विचारते. घ्यावा का?

पत्राची वाट बघते. रागात लिहिलंय, तेवढं सांभाळून वाच.

तुझी
ताई


दि. १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घेऊ नकोस.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तू कारणं मागशील. वापरलेला कॉम्प्युटर बाहेरून ओल्या फडक्यानं पुसला की नवा दिसतो. आत काय आहे ते विकणाराही उघडून बघत नाही. त्याची हार्ड डिस्क, म्हणजे सगळं साठवायची जागा, न सांगता जाते. आमच्या लॅबमध्ये एक गेली तेव्हा दोन दिवसांचे रिपोर्ट आम्ही तिघींनी पुन्हा टाइप केले. तुझ्या अर्ध्या तपासलेल्या पुस्तकासकट ती गेली तर त्या व्यवस्थापकाला आयतंच कोलीत मिळेल. पंखा घरघरतो. गॅरंटी नसते. नवे प्रोग्राम जुन्यावर चालत नाहीत. आधीच्या माणसानं त्यात कुठला व्हायरस पाळून ठेवलाय ते कोण सांगणार? आणि तुझा तो कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला, ज्यानं तुझी इस्त्री दुरुस्त करून तिचा दिवा कायमचा लावून ठेवला, त्याच्याकडून तू कॉम्प्युटर घेणार?

माझं ऐक. मार्चमध्ये मी रजा काढते, आपण दोघी जाऊन नवा घेऊ. त्या विक्रेत्याला मी बघून घेते. रिपोर्ट विभागाची मी हेडक्लार्क आहे, असल्यांना रोज सरळ करते.

गुडघा शेकते आहे. खरंच.

चिडू नकोस, आणि चिडलीस तरी उत्तर दे.

तुझी
चिमी


दि. १८ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात ‘धोका’ हा शब्द नाही, पण धोके सात आहेत. फायदा एकही नाही. मी मोजले, सवय आहे. ज्या गोष्टीचा एकही फायदा नाही ती जगात इतकी विकली जाते, म्हणजे एकतर सगळे मूर्ख आहेत किंवा तुझी यादी अर्धी आहे.

व्यवस्थापक मार्चपर्यंत थांबणार नाही, तो टपूनच बसलाय. आणि मला हवंय तरी काय? फाइल उघडली पाहिजे आणि अक्षर मोठं झालं पाहिजे. मास्तरांच्या घरी मी पाहिलं, एक बटण दाबलं की ‘क्ष’ माझ्या अंगठ्याएवढा झाला. मोतीबिंदू काढल्यापासून इतका स्वच्छ ‘क्ष’ मी पाहिला नव्हता. तेवढ्यासाठी नवं कोरं यंत्र कशाला? हार्ड डिस्क जाते म्हणतेस, तर ती नव्याचीही जाते. रोज संध्याकाळी कामाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवीन. माझं शिवणयंत्र वापरलेलं आहे आणि माझ्याहून नीट चालतं. तू स्वतः शाळाभर माझी वापरलेली पुस्तकं वाचून वर्गात पहिली आलीस. तेव्हा गॅरंटी मागितली नाहीस.

एक मात्र तुझं पटलं. कुणाच्या हातातून आलंय ते ठाऊक असावं. तेव्हा ‘नको’ म्हणण्यापेक्षा, जिची कुळी माहीत आहे अशी एखादी वस्तू बघून दे. ते तुला जमेल.

उलट टपाली कळव. तुझ्याशी भांडून बरं वाटलं.

तुझी
ताई


दि. २४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. नेहमीप्रमाणे.

योग असा की आमच्या लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आलेत आणि जुने आठ काढायचे होते. आमच्या साहेबांनी ते एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा दिले. मी त्याला सांगून त्यातला एक तुझ्यासाठी बाजूला ठेवायला लावलाय. तो रिपोर्टच्या खोलीत खिडकीजवळ होता, चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चालला. एकदाही बंद पडला नाही. त्याचं फक्त ‘न’चं बटण जरा दाबून मारावं लागतं. पडदा मोठा आहे. पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याची गाडी तुमच्या गावाकडे येते, तिच्यातून येईल. मास्तरांना जोडून द्यायला सांग. रंगीत तारा आहेत, त्यांना चित्र काढल्यासारखं वाटेल.

आत काही शिल्लक असेल म्हणून घाबरू नकोस. देण्याआधी आठही यंत्रं पुसली आहेत. तसा लेखी दाखला लागतो, ‘सर्व माहिती कायमची नष्ट केली’ असा, आणि त्या दाखल्यावर सही माझीच आहे. याहून चांगली कुळी कुठे मिळणार?

आता व्यवस्थापकाला दाखव. काम सुरू झालं की कळव, मला खरंच ऐकायचंय.

तुझी
चिमी


दि. ३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

आला. मास्तरांनी जोडला. पहिल्यांदा चालू झाला तेव्हा आम्ही दोघंही खुर्च्या मागे सरकवून बसलो, का ते विचारू नकोस. आता खिडकीशी टेबल लावलंय. पहिलं पुस्तक आलं, चारशे पानी, पाणी आणि जमीन यांच्या मोजणीवरचं. लेखकाला अनुस्वारांची फार हौस आहे. पहिल्या दिवशी चार पानं झाली, काल एकवीस. व्यवस्थापकाला पहिलं प्रकरण पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, ‘मिळाले. आभारी आहे.’ अचूक. धसका घेतलाय.

‘न’ दाबून मारते. ‘नाही’ म्हणायला जरा जास्त जोर लागतो, पण तो माझ्यात आहे.

हे पत्र पुरं करून टाकायला निघाले होते. पुढचं दोन दिवसांनी लिहिते आहे.

दि. ५. चिमे, दुसरं प्रकरण कुठे ठेवलं ते सापडेना. मास्तर म्हणाले, यात दोन कप्पे असतात, सी आणि डी, चुकून डीमध्ये गेलं असेल. डी उघडला. माझं प्रकरण होतं तिथे. त्याच्या शेजारी एक पिवळी घडी, मास्तर तिला फोल्डर म्हणतात, तिच्यात वर्षावर्षांच्या घड्या, आणि त्यात तुमच्या लॅबचे रिपोर्ट. हजारोंनी. नाव, वय, पत्ता, फोन, आणि कुणाच्या रक्तात, लघवीत, कुठल्या गाठीत काय निघालं ते सगळं. मला कळायच्या आत मी तीन वाचले होते. डोळे अक्षरावर पडले की वाचतात, त्यांना मी तेच शिकवलंय. एका मुलीचं वय एकोणीस आहे. तिला काय झालंय ते मी इथे लिहिणार नाही. पण तिच्या बापालाही ठाऊक नसेल असं ते आहे, आणि मला ठाऊक आहे, आणि मास्तर माझ्या खांद्यामागे उभे होते.

मी यंत्र बंद करून त्याच्यावर चादर टाकली आहे. कायमची नष्ट केली म्हणतेस. ही का तुमची कायमची? कुणी नष्ट केली? तू पाहिलंस का?

लगेच लिही.

ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि पुन्हा बॅगेत ठेवलं. पुरं घरी येऊन वाचलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. पुसायचं काम कंत्राटावरच्या माणसाचं होतं. त्यानं एका दुपारीत आठ यंत्रं केली आणि झालं म्हणून सांगितलं. आता कळतंय की त्यानं फक्त पहिला कप्पा पुसून नवा करून दिला, दुसऱ्याला हातही लावला नाही. व्यापाऱ्याची गाडी खाली उभी होती, साहेब दारात येऊन म्हणाले की दाखल्यावर सही तेवढी राहिली आहे. मी केली. ताई, अशा सह्या मी दिवसाला पन्नास करते. प्रत्येक कागदामागे धावत गेले तर रिपोर्ट कोण देईल? तू एकटी, एका टेबलाशी, एक ओळ तीनदा वाचतेस. तुला आमच्यासारखं काम कधी करावं लागलं नाही.

आता एवढंच कर. मास्तरांकडून ती घडी पुसून घे, केराच्या डब्यातूनही काढून टाक, आणि विषय संपव. कुणाला लिहू नकोस, बोलू नकोस. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तुझ्या सोयीसाठी मी ते यंत्र मिळवून दिलं, त्याचं हे फळ मला नको.

तू समजून घेशील असं धरून चालते.

चिमी


दि. १३ फेब्रुवारी

चि. चिमीस,

मी समजून घेत नाही.

मी एक घडी पुसीन. बाकीच्या सात यंत्रांचं काय? ती कुणाच्या टेबलावर आहेत? तिथे कोण बसलंय आणि त्याच्या खांद्यामागे कोण उभं आहे? यंत्रं तुझ्या सहीनं बाहेर पडली. त्या व्यापाऱ्याला तो कागद दाखवला नसता तर त्यानं ती उचललीच नसती. एक ओळ मी तीनदा वाचते ती टेबल रिकामं आहे म्हणून नाही. माझ्यानंतर ती कुणी वाचणार नसतं म्हणून. तुझ्यानंतर तरी कोण होतं?

मी काम थांबवलंय. त्या यंत्राला आता मी हात लावणार नाही, कारण त्यात जे जसं आहे ते तसंच कुणाला तरी दाखवावं लागेल. व्यवस्थापकाला कळवलं की पंधरा दिवस लागतील. त्यानं पुन्हा आरामाचा सल्ला दिलाय, या वेळी शुद्ध भाषेत.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही यावर आठ दिवस गेले. चादर टाकायच्या आधी मी त्या यादीवरून नजर फिरवली. यादी नावांनी लावलेली आहे आणि तुझं नाव मला झोपेतही दिसेल. मला वाटलं, तुझ्या नावाची दुसरी कुणी असेल. वय बघितलं. पत्ता बघितला. मग उघडलं. ते मी चुकून केलं नाही, जाणूनबुजून केलं.

शेवटची ओळ आधी वाचली. गाठ साधी आहे, दर सहा महिन्यांनी तपासावी. ती वाचून मी टेबलाची कड धरून बसले. मग वरची तारीख वाचली. तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि तू लिहिलं होतंस की ऑफिसात सामानाची मोजदाद आहे, येता येणार नाही. मी तीन वर्षं ते मनात धरून आहे, चिमे. एका दिवसाची रजा बहिणीसाठी निघाली नाही, असं मी मास्तरांनाही बोलून दाखवलं. आणि तू तेव्हा एकटी तपासणीच्या टेबलावर आडवी होतीस. आईचं दुखणं ज्या गाठीनं सुरू झालं, तसल्याच गाठीसाठी. मला हे तुझ्याकडून कळायचं, की भंगारात निघालेल्या यंत्राकडून?

तुझ्यावर इतका राग मी आजवर केला नाही. आणि मी तुझ्याजवळ नव्हते म्हणून माझ्यावरही.

ताई


दि. १९ फेब्रुवारी

ताई,

तुला काय अधिकार होता?

आमच्या लॅबमध्ये तो रिपोर्ट मी स्वतः टाइप केला होता, दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून. कागद घरी नेऊन फाडला. नवऱ्यालासुद्धा फक्त ‘साधी तपासणी’ म्हणून सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण आईचं सगळं तू केलंस. तेव्हा मी परीक्षा देत होते, तिचं अंग पुसायला तू होतीस. तुझ्या एका डोळ्यावर पट्टी, त्यात हे सांगून तुला पुन्हा त्या खोलीत नेऊन बसवायचं? गाठ वाईट निघाली तर सांगीन, असं ठरवलं होतं. साधी निघाली, मग सांगायला काही उरलंच नाही. हा माझा निर्णय होता. तो तू एका पिवळ्या घडीतून उपसून काढलास.

इथपर्यंत मी तुझं पत्र हाती आलं त्याच दिवशी लिहिलं. त्याहून वाईटही बरंच लिहिलं होतं, ते पान काढून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. काउंटरवर एक बाई रिपोर्ट घ्यायला आली होती. तिनं पाकीट घेतलं, तिथे उघडलं नाही, छातीशी धरून जिन्याकडे गेली. मी तशीच गेले होते, ताई. अगदी त्याच जिन्यानं. आणि मला एकदम वाटलं की तू निदान माझी आहेस. तू वाचलंस तर टेबल धरून बसलीस. हिचं कोण वाचेल? तिचेही जुने रिपोर्ट कुठेतरी असतील, आणि ते नष्ट केले म्हणून मी लिहून दिलंय.

दुपारी रजा टाकून व्यापाऱ्याकडे गेले. त्यानं आधी उडवून लावलं, माल गेला म्हणाला. मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागले की याच्याकडच्या यंत्रांत रोग्यांचे कागद निघतात. तिसऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं वही काढली. चार एका टायपिंगच्या क्लासात गेले होते, दोन एका हार्डवेअरच्या दुकानात. त्या सहाही यंत्रांमागे मी स्वतः गेले, तीन दिवस. क्लासमध्ये मुली त्यावर सराव करत होत्या. शिक्षिकेनं मला हाकललं नाही, उलट उठून सगळी बंद केली. सहा यंत्रं आता लॅबच्या कपाटात कुलपात आहेत. सातवं एका माणसानं रोख देऊन नेलं, नाव न सांगता. त्याचा पत्ता नाही. बहुधा लागणारही नाही.

मग साहेबांकडे गेले. त्यांनी आधी तुझ्याबद्दल विचारलं, त्या बाईंकडे यंत्र आलंच कसं, आणि त्यांनी रुग्णांचे कागद वाचले कसे, हा गुन्हा होतो. मी म्हणाले की वाचता येण्यासारखे ते आपण दिले. आता वर कळवावं लागेल म्हणून त्यांनी मला निवेदन लिहायला सांगितलंय. मसुदा सोबत जोडते. तू बघ. माझ्या हातून नीट होत नाही.

अजून रागावलेली आहे. तरी तुझीच

चिमी


दि. २३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अधिकार नव्हता. तुझ्या नावावर नजर गेली तिथेच मी थांबायला हवं होतं. एकतीस वर्षांत जे माझ्यासाठी नव्हतं ते मी पहिल्यांदा जाणूनबुजून वाचलं, आणि ते तुझं होतं. मला माफ कर, किंवा सावकाश कर, पण कर.

ती शिक्षिका मला आवडली.

मसुदा तपासून परत पाठवते. लाल शाई बघून घाबरू नकोस. तुझ्या एका पानात नऊ वाक्यं आहेत आणि एकाही वाक्यात माणूस नाही. ‘यंत्रे देण्यात आली.’ ‘माहिती पुसली गेली नाही.’ ‘दाखल्यावर सही झाली.’ ‘अनवधानाने चूक झाली.’ कुणी दिली, कुणी पुसली नाही, कुणाची सही? सही आपोआप होत नाही, चिमे, पाऊस नव्हे तो. जिथे ‘झाली’ आहे तिथे मी ‘केली’ घातलंय आणि पुढे ‘मी’. जिथे साहेबांनी घाई केली तिथे ‘साहेबांनी’ घातलंय. कंत्राटदारानं जे केलं नाही ते त्याच्या नावावर, पण तेवढंच. तुझं त्याच्या माथी नको. ‘अनवधानाने’ काढून टाकलं. त्या जागी ‘न पाहता’ लिहिलंय. तोच अर्थ आहे, पण त्यात लपायला जागा नाही.

वाचून तुला राग येईल. मलाही दुरुस्त करताना सोपं गेलं नाही. हे पाठवायचं की तुझा मूळ कागद पाठवायचा, ते तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

माझं यंत्र लॅबच्या माणसाकडे सोपवलं, पावती घेतली, पावती वाचली. व्यवस्थापकानं ते पुस्तक दुसऱ्याला दिलं. देऊ दे. मास्तरांनी त्यांचा कॉम्प्युटर सकाळी दोन तास वापरायला दिलाय, आणि एका शाळेचं गणिताचं पुस्तक मिळालंय. आकडे तपासणं शब्दांहून सोपं, ते बहाणे करत नाहीत.

तुझी काळजी वाटते. ती वाटू दे, आता लपवू नकोस.

तुझी
ताई


दि. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण सगळं पार पडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तुझा कागद मी माझ्या अक्षरात उतरवून काढला आणि दिला. साहेबांनी स्वतःचा एक टाइप करून ठेवला होता. त्यात सगळा दोष कंत्राटदाराचा होता, आणि मी ‘स्वतः खात्री करून घेतली होती’ असं वाक्य होतं. यावर सही करा, यात तुमचाच फायदा आहे, असं ते समजुतीनं सांगत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या टेबलावरून सही न करता उठले.

चौकशी झाली. साहेबांना ताकीदही मिळाली नाही, ते म्हणे फक्त ‘प्रक्रियेत’ होते. कंत्राटदाराचं काम गेलं. मला हेडक्लार्कवरून काढून खाली रिपोर्टच्या काउंटरवर बसवलंय, निवृत्तीपर्यंत. हे लिहितानाही डोक्यात तिडीक जाते. सही करायला लावणारा वर बसलाय आणि मी खिडकीत. तू चिडशील म्हणून सांगते, मी तुझ्या वाटणीचंही चिडून घेतलंय.

पण एक गोष्ट झाली. वरून हुकूम आला की त्या यंत्रांमध्ये ज्यांचे रिपोर्ट होते त्या सर्वांना पत्र पाठवून कळवायचं. साहेबांचा मसुदा होता, ‘काही तांत्रिक त्रुटीमुळे’. तो खाली टाइप करायला माझ्याकडे आला. मी ‘तांत्रिक’ काढून टाकलं आणि ‘आमच्या चुकीमुळे’ असं लिहून वर पाठवलं. न वाचता सही होऊन परत आला. तू असतीस तर हसली असतीस.

तेव्हापासून लोक येतात. कुणी नुसतं विचारून जातो, कुणी आरडाओरडा करतो. काल एक बाई आली, शिवणकाम करणारी असावी, ब्लाउजच्या खांद्यावर टाचण्या तशाच होत्या. पत्र हातात. नोंदवहीप्रमाणे तिचा रिपोर्ट त्या सातव्या यंत्रात होता, जे सापडलं नाही. मी ते तिला सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, कुठलं यंत्र, कुठे गेलं, कुणाला विकलं. मागे रांग वाढत होती. मग तिनं पत्राची घडी घातली आणि विचारलं की असं कसं दिलं तुम्ही, कुणीतरी लिहून दिलं असेल ना, पुसलंय म्हणून. मी हो म्हटलं.

“सही कुणाची आहे?”

ताई, वर साहेबांचं नाव घेता आलं असतं. कंत्राटदाराचंही. चौकशी चालू आहे म्हणता आलं असतं, तसं म्हणायची सूचनाच आहे आम्हाला.

“माझी,” मी म्हणाले.

मग तिनं तिच्या पिशवीतून पेन काढलं आणि पत्राच्या मागे माझं नाव विचारून लिहून घेतलं. सावकाश, एकेक अक्षर. आणि ते मी बरोबर आहे का बघावं म्हणून कागद माझ्यापुढे फिरवला. मी वाचलं. बरोबर होतं.

पुढच्या बुधवारी माझी सहा महिन्यांची तपासणी आहे. सकाळी नऊला. तू ये.

तुझी
चिमी